ओहोळाचा तास

सायमन सर शाळेतून निवृत्त झाले होते, शिकवण्यातून नाही. सांडोर गावच्या पोरांना ओहोळाकाठी नेऊन त्यांनी गळ टाकायला बसवलं. कुणी रिकाम्या हाती घरी जाऊ नये म्हणून सकाळीच बादलीभर मासे गुपचूप पाण्यात सोडूनही आले होते. "पकडायचा, नीट बघायचा, परत सोडायचा," त्यांनी बजावलं.

गळाची गरजच पडली नाही. मासे वर येऊन तोंडं उघडत होते, पोरं त्यांना हातानेच उचलत होती.

"सर, किती भुकेलेत बिचारे!" जेसन ओरडला.

ती भूक नव्हती, हे सरांना कळलं.

टिफनीने डब्यात प्यायचं पाणी ओतून त्यात आपला मासा ठेवला होता. "सर, डब्यात हा मस्त पोहतो. ओहोळात सोडला की उलटा होतो. हे इथले नाहीतच ना? कुठून आणले?"

"माझ्या घरामागच्या बावखलातून."

"मग चला ना, तिकडेच सोडू!"

सर जागचे हलले नाहीत. बावखलाच्या त्या लहानशा तळ्यात सकाळपासून मातीचा भराव पडत होता. मुलाच्या गाडीला जागा हवी म्हणून डंपर सरांनीच बोलावला होता.