दोन सह्या

सलग तिसऱ्या दुष्काळात ग्रामसभेनं ठराव घेतला, की कमी पाण्यावर येणाऱ्या गांजाच्या लागवडीला सरकारनं परवानगी द्यावी. सरपंच अर्जुनराव आणि सोसायटीचे चेअरमन आबासाहेब, वीस वर्षांचे वैरी, सह्या करायला मांडीला मांडी लावून बसले.

"देवच पावला म्हणायचा," गर्दीतून कुणीतरी बोललं. "ह्या दोघांच्या सह्या एका कागदावर पहिल्यांदाच!"

छबुबाई अनवाणीच पुढं आल्या. नवरा तुरुंगातून सुटेपर्यंत पायात चप्पल घालायची नाही, असा त्यांचा नेम होता.

"दादा, ह्यानं आमच्या मालकाला सोडतेत का?"

अर्जुनरावांनी कागद त्यांच्यापुढं सरकवला. आबासाहेब म्हणाले, "वैनी, मागच्या गुन्ह्याला हे लागू व्हत न्हाई. पर तुमी बी सही करा. पुढच्याचं तरी भलं व्हईल."

छबुबाईंनी सावकाश सही केली. मग वरच्या दोन सह्यांवर बोट ठेवून हळूच म्हणाल्या, "पहिल्यांदा न्हाई, दादा. आमच्या तुरीत गांजाची चार झाडं घावली, तवा पंचनाम्यावर पंच म्हणून ह्याच दोन सह्या हायेत."