शुक्रवारची सालपटं

"बाईसाहेब, बाजूला व्हा. पावणेदोन झाले," व्होंद्रा भट्टीच्या दाराला हात घालत म्हणाला.

मिलादा हलली नाही. आत तिने तयार केलेल्या नव्या स्टेनलेस पोलादाच्या चकत्या सहा आठवडे नऊशे अंशांवर भाजत होत्या. याआधी दोनदा नापास. पोलादाला जपणारा अंगावरचा ऑक्साइडचा थर सालपटासारखा सुटला होता. तिसऱ्यांदा सुटला की तिचं पोलाद आणि तिची संशोधनाची चार वर्षं, दोन्ही भंगारात.

पण शुक्रवारी दोनला चेक देशातलं हे अख्खं ओस्त्रावा शहर रानातल्या आपापल्या खोपटाकडे पळतं. आग लागली तरी विझवणारा सोमवारी भेटेल. भट्टीवाला व्होंद्राही त्यातलाच. भट्टी बंद करायची, लालभडक चकत्या चिमट्याने ओढून फरशीवर टाकायच्या, गार झाल्या की नोंद करायची आणि सुटायचं.

मागच्या खेपेला मिलादाने कान देऊन ऐकलं होतं. फरशीवर पडेपर्यंत थर धड होता. मग टिक टिक सुरू झालं. पोलाद झपकन आकसत होतं, वरच्या थराला तेवढं आकसता येत नव्हतं. दाबाने तो फुगला आणि उडाला.

"काका, चकत्या आतच गार होऊ द्या. सोमवारी काढू."

व्होंद्रा फिदीफिदी हसला. म्हणाला, मीही एके काळी नवं पोलाद शोधून काढलं होतं, त्याचीही सालपटं निघाली. तेव्हाच संशोधनाला रामराम ठोकला. आता खोपटात मजेत आहे, तूही कोबी लाव.

मिलादाने भट्टी बंद केली, दार उघडायचा दांडा उपसून पिशवीत टाकला आणि सरळ घरी गेली. व्होंद्राने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि तोही गेला.

सोमवारी दार उघडलं. ना टिक, ना टाक. व्होंद्राने थरावर नख घासलं, मग गाडीची किल्ली घासली. थर ढिम्म. मिलादाला रडू फुटलं आणि तिने ते लपवलंही नाही.

"काका, बाकीच्या संशोधकांची पोलादंही शुक्रवारीच काढली होती का हो?"

 व्होंद्राने नोंदवही ओढली आणि पानं मागे मागे उलटत पार पहिल्या पानावर गेला. बावीस वर्षांपूर्वीची शाई, अक्षर त्याचंच. व्होंद्राचं पोलाद. थर सुटला. नापास.

खाली बारीक शेरा होता: शुक्रवार. घाईत काढलं. खोपटाचं छप्पर घालायचंय.