गाठ सापडली

ती घरात शिरली तेव्हा नवरा नळाखाली भांडी घासत होता. बाह्या कोपरापर्यंत ओल्या झाल्या होत्या आणि करपलेल्या पातेल्याशी त्याची झटापट चालली होती.

"आलीस? बस. कशाला हात लावू नकोस," तो म्हणाला.

सासूबाई आपल्या खुर्चीतून उठल्या. ती खुर्ची त्या पाहुण्यालाही देत नसत. "इथे टेक, बाळ."

'बाळ' हा शब्द या घरात तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. तिला काही कळेना. पण लॉन्ड्रीत दिवसभर उभं राहून इस्त्री ओढली होती, पाय बोलत होते. ती बसली.

दुखणं दोन वर्षांचं. दुपारपर्यंत मान लाकूड व्हायची आणि संध्याकाळी उजव्या कानशिलात घण बसायचे. डोक्याचा फोटो झाला, मानेचा झाला, रक्त तपासून झालं. सगळं नॉर्मल. प्रत्येक रिपोर्टानंतर घर सुटकेचा श्वास टाकायचं आणि मग टोमणे सुरू व्हायचे. "तुझं दुखणं म्हणजे कामचुकार कारकून," नवरा म्हणायचा, "तपासणीला साहेब आला की जागेवर नसतो." सासूबाई म्हणायच्या, "आम्हाला बाई दुखायलासुद्धा सवड नव्हती."

आज कामावरून ती परस्पर फिजिओवाल्या बाईंकडे गेली होती. बाईंनी डोक्याला हातच लावला नाही. खांद्याच्या मागे चाचपू लागल्या.

"अहो, जखम मांडीला नि मलम शेंडीला का?" ती म्हणाली.

बाई हसल्या आणि त्यांनी बोट दाबलं. कानशिलात अशी कळ गेली की तिने पलंगाची कड घट्ट धरली.

"ही बघा गाठ. अडलंय इथे, बोंब उठते तिकडे." बाईंनी पलंगावरची चादर चिमटीत धरून पिरगळली. सुरकुती पार दुसऱ्या टोकापर्यंत धावली. "तिकडची सुरकुती कितीही चोपलीत तरी ही चिमूट सुटल्याशिवाय जायची नाही. शेक द्या. पाठ आणि भिंत यांच्यात चेंडू धरून हळूहळू दाबा. इस्त्री एकाच हाताने ओढू नका, मधेमधे थांबा. कमी होईल. पुन्हा डोकं वर काढेल, पुन्हा दाबायची. कंटाळायचं नाही."

कंटाळा तर अंगात मुरला होता. पण आपलं दुखणं खरं आहे, त्याला जागा आहे, हे कळल्यावर तिला रडूच आलं. जिना उतरताना तिने नवऱ्याला फोन लावला. "अहो, गाठ सापडली!" एवढंच बोलली आणि फोनची बॅटरी संपली.

"डॉक्टर काय म्हणाले?" नवऱ्याने आता पाठमोरा राहूनच विचारलं. "पसरलीय का?"

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात सासूबाईंनी गरम पाण्याची पिशवी आणली. "कुठे दुखतंय गं नेमकं?" म्हणत ती तिच्या मानेखाली सरकवली. नेमकं कुठे, हे घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. ऊब खांद्यात उतरू लागली. सांगणं राहू देऊन तिने मान पिशवीवर टेकली. दमलेला माणूस सावलीत बसताना झाड कुणाचं आहे ते लगेच विचारत नाही.

"कसलीही असू दे, काढून टाकू," नवरा म्हणाला. "मी आहे ना." पण घासून लख्ख झालेलं पातेलं तो पुन्हा पुन्हा घासतच होता.

ते मात्र तिला बघवेना.

"अहो, तसली गाठ नाही ती. स्नायूची आहे. शेकून, दाबून सैल करायची. जिवाला धोका नाही."

नवऱ्याने नळ बंद केला. सासूबाईंनी छातीला हात लावला. "अगं, अर्धा जीव गेला की माझा!"

"म्हणजे काहीच नाही?" नवरा हसायला लागला. हसता हसता त्याने ओल्या बाहीने डोळे पुसले. ते हसू खरं होतं, तिलाही ते दिसत होतं. "आई, काहीच नाही!"

"मी म्हणतच होते. एका जागी बसून अंग धरतं," सासूबाई म्हणाल्या. "ऊठ बरं, जरा हातपाय हलव."

नवऱ्याने हात पुसायला घेतले. निम्मी भांडी साबणात तशीच होती.

ती उठली नाही.

"इकडे या जरा," ती म्हणाली. "अंगठा द्या."

त्याचा ओला अंगठा तिने खांद्याच्या मागे नेऊन टेकवला. "दाबा. जोरात. आता आडवा फिरवा."

"मालिशवाला केलास की माझा!" तो म्हणाला, आणि त्याने अंगठा फिरवला. कातडीखाली ताणलेल्या दोरीसारखं काहीतरी लागलं. अंगठा त्यावरून सरकला तशी ती दोरी आपोआप टणकन उडाली. तिने डोळे मिटून कानशिलावर तळहात दाबून धरला.

नवऱ्याने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"हे... हे काय उडालं?"

"तेच," ती म्हणाली. "काहीच नाही."