साधी सर्दी

आतल्या खोलीत कुणीतरी शिंकलं. दाबून धरलेली, बारीकशी शिंक.

"कोण आहे हो आत?" मास्क लावलेल्या पाहुणीने विचारलं.

"शेजारी. भिंती कसल्या, नुसता पुठ्ठा आहे," ताई म्हणाली आणि हसली.

सगळे पेशंट तिला ताईच म्हणत. स्वतःचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट पार पडल्यापासून ती नव्या पेशंटना फोनवरून धीर द्यायची. ही पाहुणी त्यांतलीच. हॉस्पिटलमधून सुटल्यावर पहिल्यांदाच कुणाच्या घरी आली होती, नवऱ्यासोबत.

"तुमची वेणी बघायला आलोय," नवरा म्हणाला. "फोटोवर विश्वास नाही हिचा. म्हणते, उपचारात गेलेले केस एवढे कुठे वाढतात, टोप असेल."

ताईने वेणी खांद्यावरून पुढे घेतली. सकाळी लेकीचं नाक वाहताना बघून तिने या दोघांना कळवायला फोन उचलला होता. मग तसाच ठेवून दिला. साडीला इस्त्री करून झाली होती. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्याकडे कीव न करता बघणार होतं.

"बहिणीला मी दारातूनच परत पाठवलं," पाहुणी सांगत होती. "तिच्या बाळाला सर्दी होती. रडली बिचारी. पण तुम्ही म्हणाला होतात ना, आपल्याला साधी सर्दीसुद्धा महागात पडते, कुणाची भीड धरायची नाही. नाही धरली."

नवऱ्याने पाण्याचा ग्लास तिच्यापुढे धरला. तिने मास्क हनुवटीवर ओढला.

"इथे कसली भीती? ताईंचंच तर घर."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यांत अजून फोड होते. ताईला तिच्याकडे बघवेना.

"मास्क वर घे," ती म्हणाली. "शेजारी नाही, माझी लेक आहे आत. सकाळपासून सर्दी झालीय तिला."

नवरा ताडकन उठला. पाहुणीने मास्क नाकावर नीट दाबून बसवला, दोन्ही बाजूंनी, ताईने फोनवर शिकवला होता तसा. दाराशी मात्र सवयीने म्हणाली, "येते हं, ताई."

"चल आता," नवरा म्हणाला.

ती दोघं गेल्यावर लेक दोन्ही हातांनी नाक धरून बाहेर आली. "मी खूप दाबली गं, आई. आलीच."

"तुझं काही चुकलं नाही, राणी." ताईने पदराने तिचं नाक पुसलं.

लेकीने पदर बाजूला सारला.

"मग तू त्यांना येऊ नका असं का नाही सांगितलंस?"