काळजाचा कागद

वोल्सनने आपला तपासणीचा कागद मालजाच्या मांडीवर ठेवला आणि ती शौचालयाकडे गेली. परतली तेव्हा मालजाने तिच्या हातात कागद दिला, पण तो मालजाच्या नावाचा होता.

कोरियातल्या जेजू बेटावरच्या त्या गावात, समुद्रात बुड्या मारून शिंपले काढणाऱ्या बायकांची सभागृहाबाहेर रांग लागली होती. आतलं यंत्र डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचं आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांवरून काळजाची हालत सांगायचं. काळीज नाजूक निघालं की समुद्र बंद, असा त्यांच्या संघाच्या प्रमुखबाईंचा फतवाच होता.

चौऱ्याहत्तरच्या मालजाला उन्हाळ्यापासून चढावर धाप लागत होती. तिने कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. समुद्र सुटला तर घरी बसून वाट तेवढी बघायची, आणि कशाची ते तिला ठाऊक होतं. वोल्सन तिच्याच वयाची, पण घोड्यासारखी धडधाकट. शिवाय अक्षरशत्रू. गेल्या हिवाळ्यात ती म्हाताऱ्यांच्या अक्षरवर्गाला जायला लागली, तेव्हा मालजाने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "आता शिकून काय यमाला अर्ज लिहिणार?" वोल्सन हसली. त्यानंतर तिने वर्गाचं नाव काढलं नाही.

मालजा आधी आत गेली, वोल्सनचा कागद घेऊन. तोंडावर मास्क, डोक्याला रुमाल; यंत्रावरच्या माणसाला सगळ्या म्हाताऱ्या सारख्याच. मग वोल्सन गेली. तिला जरा जास्तच वेळ लागला. डोळे सारखे मिटत होते, म्हणाली.

आठवड्याने निकाल आले. मालजाचं काळीज ठणठणीत. वोल्सनच्या वाहिन्या खराब, समुद्र बंद.

म्हणजे खराब डोळे आपले. मरणार आपण आणि घरी बसली बिचारी वोल्सन. सांगून टाकावं असं मालजाला रोज वाटायचं. पण सांगितलं की समुद्र गेला, वर अब्रूही गेली.

वोल्सन रोज धक्क्यावर येऊन बसायची. प्रत्येक बुडी शेवटची समजून मालजा खाली जायची, आणि वर येऊन कोंडलेल्या श्वासाची शीळ घातली की वोल्सन तिच्याकडेच बघत असायची. मालजा नजर चुकवायची. वोल्सनच्या खडकावरचे शिंपलेही आता तीच काढायची. वाया कशाला घालवायचे, असं स्वतःला समजावायची.

महिन्याने वोल्सन उपचारांसाठी बुसानला लेकीकडे निघाली. मालजा शिंपल्यांची पेज घेऊन निरोपाला गेली.

"तुझ्याच खडकावरचे आहेत," ती म्हणाली.

वोल्सनने वाटी बाजूला सारली. "मालजा, काही सांगायचंय का तुला?"

"छे गं. औषधं वेळेवर घे."

वोल्सनने औषधाची पुडी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि एकेक अक्षर जोडत वाचलं, "बू वोल्सन. सकाळी एक. जेवणानंतर."

पेज वाढायला घेतलेला डाव मालजाने परत पातेल्यात ठेवला.

"त्या दिवशी कागदावरचं नावही वाचलं होतं मी," वोल्सन म्हणाली. "आतल्या माणसाला सांगून दोघींची नावं जागच्या जागी करून घेतली. खराब डोळे माझेच आहेत." तिने पुडी पिशवीत टाकली. "महिनाभर धक्क्यावर बसले, तू सांगशील म्हणून. कागदावर तर लिहिलंय, तुझं काळीज ठणठणीत आहे."