शेवटची कळ

आतल्या कीबोर्डवरची शेवटची कळ चार सेकंदांपूर्वी दाबलेली होती. रुचिताने लॅपटॉपला पुन्हा विचारलं. आता तीन सेकंद.

वडिलांचा जुना कॉम्प्युटर मोडीत काढण्याआधी तिने तो जसाच्या तसा आपल्या लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला होता. कॉम्प्युटरच्या पोटात कॉम्प्युटर. त्याचा स्क्रीन ती कधी उघडत नसे. बाहेरून कमांड टाइप करायची, आतून उत्तर यायचं. कळ दाबायला आत कोणी नव्हतं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती.

आत कोणती फाइल उघडी आहे, तिने विचारलं. राई गावच्या जमिनीचं हक्कसोडपत्र. वडिलांनीच तिच्या नावाने टाइप करून ठेवलेलं.

राईहून आलेला धाकटा भाऊ जितेंद्र समोर पेन उघडून बसला होता. "ताय, दोन वरसं टाळतेस. काढ न तो कागद आन् कर सही. का त्या डब्यात बापूस बसलाय, त्याला इचारतेस?"

"थांब, जितू."

तिने आतलं मशीन बंद करायची कमांड दिली. बंद झालं, असं लॅपटॉपने कळवलं. खात्रीसाठी तिने पहिलाच प्रश्न पुन्हा टाकला. बंद मशीन उत्तर देत नाही.

उत्तर आलं: शून्य सेकंद. त्याखाली तिने न विचारलेली एक ओळ होती: रुचिताची सही बाकी.

तिने बोटं कीबोर्डवरून उचलली नाहीत.

"माझा हिस्सा मी सोडणार नाही," ती म्हणाली. "जितू, तुलाही सांगते. आणि बाबा, तुम्हालाही."