दीडचा उपग्रह

आमचा उपग्रह रोज दुपारी दीडला डोक्यावरून जातो. आठवडाभर त्याला शेतात एकही आग दिसली नाही, म्हणून साहेबांनी अहवालात 'धसकटं जाळणं पूर्ण बंद' असं लिहिलं आणि स्वतःच्या सत्काराची तारीखही ठरवून टाकली.

मी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या उपग्रहाची चित्रं त्यांच्यापुढे ठेवली. तो दर दहा मिनिटांनी बघतो. काल दीडला एकही आग नव्हती. अडीचला दोनशे बारा होत्या आणि संध्याकाळी सगळा धूर शहरावर आला होता.

"साहेब, दीड टळला की लोक पेटवतात. आजच शाळांना इशारा द्यायला हवा, मुलांना श्वास घेता येत नाहीये."

साहेब हसले. "अगं, चार बुकं शिकलीस म्हणून काहीही बोलू नकोस. त्या अडाणी लोकांना उपग्रहाची वेळ कोण सांगणार?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. गावाकडच्या धाकट्या भावाचा आवाज एवढा मोठा होता, की टेबलाच्या अलीकडे मलाही ऐकू आला.

"दादा, गेला का रे तुझा उपग्रह? इथे सगळे काडेपेट्या घेऊन उभे आहेत."